उखाण्यातली रिकामी जागा

मी शाळेत दुसरीच्या वर्गाची मावशी आहे. मुलांचे डबे उघडून द्यायचे, नाकं पुसायची, बुटांच्या नाड्या बांधायच्या, कुणाला बाथरूमला जायचं असेल तर हात धरून न्यायचं आणि आणायचं. लहान मुलांच्या वर्गात शिक्षकांबरोबर आणखी एक बाई कायम हवीच, असा शाळेचा नियम आहे. त्यामुळे गणिताला मी वर्गात, इंग्रजीला मी वर्गात आणि स्पॅनिशलाही मी वर्गात. दाराशी मुलांचीच एक निळी खुर्ची ठेवलेली आहे, ती माझी. तिच्यावर बसलं की गुडघे छातीशी येतात.

गणिताला आणि इंग्रजीला माझ्याकडे कुणी बघत नाही. कोपऱ्यात कपाट असतं तशी मी दाराशी असते, आणि ते मला बरं वाटतं. मला लहानपणापासून चारचौघांत बोलता येत नाही. आमच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते आणि चारही वर्ग एकाच खोलीत भरायचे. हजेरीला माझं नाव आलं की माझ्या तोंडून ‘हजर’ निघायचं नाही. शेजारची मुलगी माझ्या वतीने म्हणायची, आणि गुरुजी ते चालवून घ्यायचे. पाचवीसाठी होडीने खाडीपलीकडे जावं लागायचं. मुलीला रोज होडीत कोण बसवणार, म्हणून चौथी झाल्यावर मी घरी राहिले. खरं सांगायचं तर मला तेव्हा वाईट वाटलं नाही. नवीन शाळेत ‘हजर’ कोण म्हणणार होतं माझ्या वतीने?

स्पॅनिशच्या तासाचं मात्र सगळं वेगळं. स्पॅनिशच्या मिस डोंबिवलीच्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान. त्यांना मुलं सेन्योरीता म्हणतात. त्या आल्या की मला हाताने खूण करतात आणि मी दार ओढून घेते. दार बंद झालं की खोलीत फक्त स्पॅनिश. मराठी नाही, हिंदी नाही, इंग्रजीसुद्धा नाही. त्यासाठी त्यांनी एक खेळ काढला आहे. बुटांचा रिकामा खोका आहे, त्याला सोनेरी कागद लावलेला. तास सुरू होताना प्रत्येक मुलाने जिभेवरून चिमटीने काहीतरी उचलल्यासारखं करायचं आणि खोक्यात टाकायचं. ती त्यांची घरची भाषा. तास संपला की परत घ्यायची. मी दाराशी बसते म्हणून खोका माझ्या मांडीवर. सगळी मुलं रांगेने येऊन आपापली भाषा माझ्या मांडीवर ठेवून जातात. परत घेताना भांडणंही होतात. पुढचे दात पडलेला एक मुलगा आहे, तो एकदा रडवेला होऊन म्हणाला, “मावशी, याने माझी गुजराती घेतली!” मी खोक्यात हात घालून त्याची त्याला काढून दिली.

हा खेळ बघायला मला आवडायचा. पण एके दिवशी मिस माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या जिभेकडे बोट केलं. सगळी मुलं वळून बघायला लागली. मी चिमटीने माझी मराठी काढून खोक्यात टाकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तास संपल्यावर मिस म्हणाल्या, “मावशी, या खोलीत सगळे सारखे. तुम्ही नुसत्या बसून राहता ते मला बरं नाही वाटत.”

त्या मनापासून बोलत होत्या, आणि तिथेच माझी अडचण झाली. कुणी ओरडलं असतं तर मला गप्प बसता आलं असतं. इतकं प्रेमाने बोलणाऱ्या माणसाला ‘मला नुसतंच बसू द्या’ हे कसं सांगायचं?

त्या दिवसापासून लोकरीचा चेंडू माझ्याकडेही यायला लागला. ज्याच्या हातात चेंडू त्याने बोलायचं. माझ्या हातात आला की मी तो लगेच शेजारच्या मुलाकडे टाकायला बघायचे. तासाच्या आधी मी कामं शोधून ठेवायचे. पाण्याच्या बाटल्या भरायच्या राहिल्यात, खडूची पूड पुसायची आहे. पण नियम आडवा यायचा, मावशीने वर्ग सोडायचा नाही. शिवाय दाराशी मीच बसलेली. बाहेर जायचं तर मला माझीच खुर्ची बाजूला करावी लागली असती.

तरी कानावर रोज पडतं ते आपोआप आत जातं. कासा म्हणजे घर, पुएर्ता म्हणजे दार, सिया म्हणजे खुर्ची. मासा पाण्यात राहतो, पक्षी झाडावर राहतो. कोण कुठे राहतो त्याला बीबे म्हणायचं. मुलांना सगळं येत होतं असं नाही, मलाही नाही. चुकलं तरी मिस “मुई बिएन” म्हणायच्या, म्हणजे फार छान, आणि मग हळूच बरोबर करून द्यायच्या. माझ्या एका शब्दालाही त्या असं काही म्हणायच्या की बाकीचा तास माझे कान गरम राहायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर कुटुंबाचा धडा आला. मुलांनी घरून फोटो आणले होते. चेंडू फिरायला लागला. आईचं नाव काय, बाबांचं नाव काय. एक जण म्हणाला, माझ्या पप्पांचं नाव पप्पा. मिस म्हणाल्या नाही नाही, खरं नाव. तो विचार करून म्हणाला, “पप्पाच आहे, मम्मी पण पप्पाच म्हणते.” हे त्याने हिंदीत सांगितलं म्हणून सगळ्यांनी त्याला खोका दाखवला.

मग चेंडू माझ्याकडे आला. “इ तू मारिदो?” मिसने विचारलं. “कोमो से यामा?”

तुमच्या नवऱ्याचं नाव काय. मला कळलं होतं. कळलं नाही असं दाखवता आलं असतं, पण दोन वेण्या घालणारी एक मुलगी माझ्या मदतीला धावून आली. तिने ओठांवर बोटाने मिशा काढून दाखवल्या. आता कळलं नाही म्हणायलाही जागा उरली नाही. मी चेंडू या हातातून त्या हातात करत राहिले. लोकरीचा एक धागा सुटला होता, तो बोटाला गुंडाळला, सोडला.  

आणि मिसचा चेहरा एकदम उजळला.

“अय्या, मावशी! तुम्ही नाव घेत नाही का?” त्या चक्क मराठीत बोलल्या. “माझी आजी पण नाही घ्यायची! आजोबांना नुसतं ‘अहो, ऐकलंत का’!”

मी मान खाली घातली. तो त्यांनी होकार धरला.

“सेन्योरीता मराठी बोलल्या!” मुलं ओरडली. “खोक्यात टाका! खोक्यात टाका!”

मिस हसत हसत माझ्याजवळ आल्या, खोक्यात आपली मराठी टाकल्यासारखं केलं आणि लगेच परत उचलून घेतली. “फक्त दोन मिनिटं हं.” मग त्यांनी मुलांना समजावून सांगितलं की आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव असं सरळ घेत नाहीत. लाजतात. मग सगळ्या मिळून आग्रह करतात आणि ती एक कविता करते, तिच्यात नाव गुंफते. त्याला उखाणा म्हणतात. मुलांना हे फार आवडलं. मिसलाही आवडलं. बोलता बोलता त्यांच्या डोक्यात आलं, आणि ते मला त्यांच्या तोंडावरच दिसलं. त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एन ला मेसा आय उना फ्लोर, आणि खाली एक लांब रेघ, मग एस मी आमोर. टेबलावर आहे एक फूल, आणि अमुक अमुक माझं प्रेम. आपल्या उखाण्यात पहिल्या ओळीचा दुसरीशी काही संबंध नसतो, भाजीत भाजी मेथीची म्हणून पुढे कुणाचंही नाव येतं. हेही तसंच होतं. फ्लोर आणि आमोर जुळत होतं, बस्स.

“मावशी, स्पॅनिश उखाणा!” मिस म्हणाल्या. “शाळेच्या कार्यक्रमात तुम्ही घ्यायचा. स्टेजवर. मुलं मागे उभी राहून आग्रह करतील, आणि तुम्ही लाजत लाजत नाव घ्यायचं. किती गोड होईल!”

रेघेच्या जागी काय म्हणायचं ते मुलांना माहीत नव्हतं, म्हणून ती तिथे “हं हं हं” म्हणायला लागली. नंतर कुणीतरी बटाटा घातला. बटाटा एस मी आमोर. मधल्या सुट्टीत सगळा वर्ग ते ओरडत होता.

आता खरं काय ते लिहिते.

माझा नवरा वागळे इस्टेटला एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होता. अजूनही तिथेच आहे. पण राहतो विठ्ठलवाडीला, आणि एकटा राहत नाही. आमच्यात भांडण झालं नाही. आधी ओव्हरटाइम म्हणून शनिवारी यायचा नाही, मग आठवड्यातून एकदाच यायला लागला. मग त्याचे शर्ट एकेक करून धुवायला यायचे बंद झाले. दोरीवर नुसते माझे आणि मुलीचे कपडे दिसायला लागले, त्यावरून मला कळलं. तो मला काही म्हणाला नाही आणि मीही त्याला विचारलं नाही. कळव्याला आमच्या वस्तीत मी नाइट शिफ्ट सांगते. गणपतीला आम्ही दोघं मिळून गावी जातो. तिथे तो आरतीचं तबक धरतो, मी सुपं मांडून गौरीचा ओवसा भरते, आणि गणपती असेपर्यंत आम्ही नवरा-बायको असतो. सासूबाईंना ठाऊक आहे की नाही हे मला आजवर कळलेलं नाही. येताना तो मधेच उतरून आपल्या वाटेने जातो.

त्याचं नाव मी पूर्वी घ्यायचे. लग्नात घास भरवताना घेतलं, मुलीच्या बारशाला घेतलं. मी लाजरी असले तरी उखाणा पाठ केलेला असला की म्हणता यायचा. तो गेल्यापासून ते नाव मी तोंडाने घेतलेलं नाही. त्यात रिवाज काही नाही. ते नाव घेऊन पुढे ‘घरी आहेत’ किंवा ‘नाहीत’ यांतलं काहीतरी म्हणावं लागतं, आणि मला दोन्ही म्हणायचं नव्हतं. संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू होतं, तेव्हा “नाव घ्या, नाव घ्या” सुरू झालं की मी कप धुवायला जाते. दरवर्षी कप मीच धुते. मी कामसू आहे असं सगळ्यांना वाटतं.

सुपरवायझर बाईंना मिसची कल्पना कळली तशी त्या स्वतः वर्गात आल्या. “व्वा! पालकांना फार आवडेल. आपली मावशीसुद्धा स्पॅनिश बोलते! मिस्टरांना सांगा हं आत्तापासून, सुट्टी टाकायला. पहिल्या रांगेत बसवू. तुम्ही नाव घेतलं की कॅमेरा त्यांच्यावर.”

मी “हो” म्हटलं. मला दुसरं काही म्हणता येत नाही अशा वेळी.

पहिलीच्या वर्गाची मावशी कळव्यालाच राहते, आमच्या खालच्या गल्लीत. डबा खाताना ती म्हणाली, “काय गं, भावोजी येणार म्हणे स्टेजसमोर. बरं झालं. सकाळी पाणी भरताना नाही दिसत, दूध आणताना नाही दिसत. आम्ही म्हटलं गावाला बिवाला गेलेत की काय.”

“नाइट असते.”

“हो, नाइट असते,” ती म्हणाली आणि माझ्या डब्यात तिची चटणी घातली. “गुणाचे हो. इतकी वर्षं नाइट कोण करतं?”

घरी मुलीला सांगितलं. ती आता कॉलेजला जाते, तिच्या जिभेला काही हाड नाही.

“आई, सांग ना सरळ, मला नाही जमणार.”

“का नाही जमणार, विचारतील.”

“ताप आलाय म्हण.”

“आत्तापासून कार्यक्रमापर्यंत ताप?”

“मग घेऊन टाक नाव. नाव तर आहे ना अजून?” तिने फुलासारखा हात केला. “बाबा एस मी आमोर.” ती हसली आणि मग हसायची थांबली. थोड्या वेळाने भाकरी माझ्याकडे सरकवत म्हणाली, “सॉरी.”

रोज तालीम व्हायला लागली. मुलं माझ्यामागे अर्धगोल करून उभी राहायची आणि आग्रह करायची, मी पहिली ओळ म्हणायचे, मग रेघेशी थांबायचे. मिस म्हणायच्या, नाव आत्ता नको, ते त्या दिवशीच, सरप्राइज. म्हणून तालमीत मी तिथे नुसती मान खाली घालायचे. “परफेक्ट!” मिस म्हणायच्या. “असंच लाजायचं!” मी तोंड लपवायचे आणि त्या त्याला लाजणं म्हणायच्या. रात्री पडल्या पडल्या मी त्यांना सांगायची वाक्यं जुळवायचे. पण मराठीत ते वाक्य कसंही सुरू केलं तरी मधेच लोक यायचे. माझ्या नवऱ्याने, म्हटलं की पुढे टाकलं, सोडलं, ठेवली, असेच शब्द येतात. त्या प्रत्येक शब्दामागे मला कुणीतरी बाई पदर तोंडाला लावून उभी दिसायची. वाक्य पुरं व्हायच्या आत मी कूस बदलायचे. काम सोडून द्यावं असंही मनात आलं. पण मुलीची फी होती, आणि काम सोडायचं म्हटलं तरी कारण विचारलंच असतं.

एके दिवशी शाळा सुटली, मुलं बसमध्ये बसवून मी वर्गात परत आले. खुर्च्या एकावर एक रचत होते. मिस थांबलेल्या. त्यांनी पर्समधून कापसात गुंडाळलेली नथ काढली.

“माझ्या आईची. दाबाची आहे, टोचलेलं नसलं तरी चालतं. स्टेजवर काय दिसेल मावशी! जरा बघू ना घालून.”

मी हातातली खुर्ची ठेवायच्या आत त्यांनी नथ माझ्या नाकाला लावली सुद्धा. दाबाची नथ नाकाला चिमटा घेते. डोळ्यांत पाणी आलं. त्या एका हाताने माझी हनुवटी धरून डावीउजवीकडे बघत होत्या. मला हलता येत नव्हतं. त्यांच्या खांद्यावरून मला सोनेरी खोका दिसला, कपाटावर ठेवलेला. दार उघडंच होतं. ते बंद असलं की आम्ही इथे जसं बोलायचो तसं माझ्या तोंडून निघालं.

“मी मारिदो नो बीबे एन मी कासा.”

माझा नवरा माझ्या घरी राहत नाही.

“मुई बिएन, मावशी!” मिस ओरडल्याच. त्यांनी टाळी वाजवली. “अख्खं वाक्य! आणि अगदी बरोबर!”

मी थांबले असते तर तिथेच संपलं असतं. पण धड्यात एक वाक्य झालं की पुढचं म्हणायची सवय लागलेली. मासा कुठे राहत नाही, मग कुठे राहतो.

“बीबे एन ओत्रा कासा,” मी म्हटलं. दुसऱ्या घरी राहतो. “कोन ओत्रा सेन्योरा.”

दुसऱ्या बाईबरोबर.

“मुई,” मिस म्हणाल्या, आणि पुढचा शब्द आला नाही.  हनुवटीवरचा हात त्यांनी काढून घेतला. मग दोन्ही हातांनी नथ सोडवली, इतकी जपून की जणू नाक माझं नाही, काचेचं आहे. नथ परत कापसात ठेवायला त्यांना खूप वेळ लागला.

“मला वाटलं तुम्ही नाव घेत नाही म्हणजे…”

“हो,” मी म्हटलं.

“कुणाला माहितीये?”

“नाही.”

“मी नाही सांगणार. सॉरी, मावशी. खरंच सॉरी.” त्यांचे डोळे भरून आले. मलाच त्यांची समजूत काढावी लागली. मी पाणी आणून दिलं.

त्यांनी शब्द पाळला. सुपरवायझर बाईंना सांगितलं की कार्यक्रम लांबतोय, मावशींचा भाग काढते. बाई हळहळल्या आणि विसरल्या. खालच्या गल्लीतली मावशी म्हणाली, “अगं, मग भावोजींची सुट्टी फुकट गेली की.” मी म्हटलं, त्यांनी टाकलीच नव्हती. कार्यक्रमाच्या दिवशी मी पडद्यामागे मुलांचे फेटे नीट करत उभी होते. मुलांनी फुलाचा उखाणा तसाच म्हटला. दात पडलेला मुलगा पुढे आला आणि रेघेच्या जागी दोन्ही हात पसरून ओरडला, “बटाटा!” पालक पोट धरून हसले. मीही हसले. 

वाटलं, सुटले.

पुढच्या तासाला मिस मला दाराबाहेर घेऊन गेल्या. “मावशी, स्पॅनिशला तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल. मी ऑफिसमध्ये विचारून घेतलंय. दाराला काच आहे, तुम्हाला मुलं दिसतील. उगीच तुम्हाला त्रास नको.” त्यांनी माझ्यासाठी स्टूलही सांगितलं होतं, मोठ्या माणसांचं, गुडघे सरळ राहतील असं.

जूनपासून मला हेच तर हवं होतं. मी स्टुलावर बसले. दार आतून त्यांनी लावलं.

कॉरिडॉरमध्ये बसणं सोपं असेल असं वाटलेलं. पण तिथून सगळी शाळा जाते. सुपरवायझर बाई जाता-येता बघायच्या. पहिलीची मावशी म्हणाली, “काढलं का गं वर्गातून? काय केलंस?” मी म्हटलं, आत गरम होतं. आतून मुलांचे आवाज यायचे, फळांची नावं, आठवड्याचे वार. काचेतून मला चेंडू उडताना दिसायचा, कुणाच्या हातात गेला ते दिसायचं नाही. मिस तास संपवून बाहेर आल्या की माझ्याकडे बघून हसायच्या. ते हसणं आजारी माणसाकडे बघून हसतात तसं होतं. तालमीत मला “असंच लाजायचं” म्हणणाऱ्या मिस आता मला साधा प्रश्नही विचारायच्या नाहीत. माझा नवरा दुसरीकडे राहतो हे कळल्यापासून मी त्यांच्यासाठी तेवढीच उरले होते.

स्टुलावर बसून मला एकच गोष्ट सारखी आठवायची. ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा आधी शाबासकी मिळाली होती. कीव नंतर आली. मधे एक क्षण असा होता की माझा नवरा माझ्या घरी राहत नाही हे नुसतं एक बरोबर वाक्य होतं, मासा पाण्यात राहतो तसं. असा क्षण मला कळव्याला मिळाला नसता, गावी तर नाहीच. तो त्याच खोलीत मिळाला, जिथून मी रोज सुटायला बघत होते.

मी किती दिवस बाहेर बसले ते आठवत नाही. संक्रांत होऊन गेली होती. हळदीकुंकवाला “नाव घ्या” सुरू झालं तेव्हा मी कप धुवायला गेले होते, नेहमीसारखी. तिथे नळाखाली हात धरून उभी असताना मला वाटलं, इथे मी जन्मभर कप धुणार, ते ठीक आहे. पण स्पॅनिशच्या वर्गाबाहेर का बसावं?

उशिरा येणाऱ्या मुलाने दारात उभं राहून विचारायचं असतं, आत येऊ का. मला ते कधी विचारावं लागलं नव्हतं, मी आधीच आत असायचे. दुसऱ्या दिवशी तास सुरू झाला, आतून दार लागलं. मी स्टुलावरून उठले.  ‘हजर’ म्हणायची वेळ आली होती, आणि या वेळी माझ्या वतीने म्हणायला कुणी नव्हतं. काचेवर टकटक करून मी दार ढकललं.

“पुएदो एन्त्रार?”

आवाज फाटला. मिस फळ्यावर लिहिता लिहिता थांबल्या. मुलांना तो प्रश्न रोजचा होता.

“सी!” हो म्हणून सगळा वर्ग ओरडला.

माझ्या निळ्या खुर्चीवर आता सोनेरी खोका ठेवत असत. दात पडलेल्या मुलाने, आता त्याला पुढचा एक दात अर्धा आला आहे, उठून तो खोका उचलला. मला वाटलं बाजूला ठेवेल. पण तो खोका घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि वाट बघत राहिला. नियम म्हणजे नियम. मी चिमटीने माझी मराठी काढली आणि आत टाकली.

मग खुर्चीवर बसले, गुडघे छातीशी आले, आणि दार ओढून घेतलं.